आधी माशी, मग पेटी

बंगळुरूत व्हाइटफील्ड, सर्जापूर, येलहंका अशा कुठल्याही भागातल्या मोठ्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट घ्यावा. थंडीच्या सुमारास त्यावर एक फोटो हमखास येतो. बाराव्या-पंधराव्या मजल्याच्या सज्ज्याखाली परातीएवढे काळपट मोहोळ लोंबत असते. पाठोपाठ कोणीतरी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकतो, खाली मुले खेळतात म्हणून आजच्या आज काम उरकायची घाई होते. त्याच गटावर, कधी कधी त्याच आठवड्यात, दुसरा कोणी विचारतो: गच्चीवर मधपेटी ठेवली तर? शुद्ध मध मिळेल, मुलांना निसर्ग कळेल आणि मधमाश्याही वाचतील.

पंधराव्या मजल्यावर फुकट आलेल्या माश्या मारायच्या आणि सोळाव्यावर विकतच्या आणून पाळायच्या, यातला विनोद गटावर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही संदेश लिहिणारे सुशिक्षित असतात, त्यांचा हेतूही वाईट नसतो. त्यांना फक्त माशी ओळखता येत नाही. मधमाशीपालन शिकू पाहणाऱ्या शहरी नवशिक्यांची गाडी इथेच चुकीच्या रुळावर जाते. ते पेटीपासून सुरुवात करतात. पेटी ऑनलाइन मिळते, पांढरा पोशाख मिळतो, धूर करायचे धुराडे मिळते. ऑनलाइन न मिळणारी एकच गोष्ट म्हणजे एक पूर्ण वर्ष माश्यांकडे बघून आलेली नजर. पेटी घेण्याआधी ती कमवावी लागते.

सुरुवात नावांपासून करावी. मराठी माणसाकडे यासाठी नेमके शब्द आहेत, ते त्याने वापरात ठेवलेले नाहीत एवढेच. उंच इमारतीला, पुलाला, पाण्याच्या टाकीला एकच मोठे उघडे पोळे लावते ती आग्या. झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे पोळे करते ती इवलीशी फुलोरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते ती सातेरी. आणि भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहणारी, डंख न करणारी ती पोयाची माशी. बंगळुरूत राहायचे तर कन्नड नावेही कानावर असावीत, कारण इमारतीचा रखवालदार आणि माळी तीच वापरतात: आग्याला हेज्जेनु, सातेरीला तुडुवे जेनु. कन्नडमध्ये 'जेनु' म्हणजे माशीही आणि मधही. मधाला वेगळे काढून सांगायचे झाले तर 'जेनुतुप्प' म्हणतात, म्हणजे माशीचे तूप. कोडगू-म्हैसूरच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या मध काढणाऱ्या आदिवासींचे नावच जेनु कुरुब आहे.

या साऱ्यांत चौकटीच्या पेटीत राहते ती सातेरी. आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत, कितीही लाड केले तरी. त्यांना उघड्यावर एकच पोळे लागते. पेटीत राहणारी दुसरी, एकूण पाचवी माशी म्हणजे युरोपातून आलेली मेलिफेरा. ती भारतात नीट रुजली ती 1962 मध्ये, हिमाचलातल्या नगरोटा बगवाँ इथे. आज बाजारातला पेटीचा मध बहुतांशी तिचाच असतो.

नवशिक्याला विक्रेते बहुधा मेलिफेरा सुचवतात, कारण ती सातेरीच्या कैक पट मध देते आणि सहसा पेटी सोडून पळत नाही. हिशोब वरवर बरोबर दिसतो. पण मेलिफेराचा धंदा फिरतीवर चालतो. पंजाब, राजस्थान, बिहारचे मधपाळ शेकडो पेट्या ट्रकवर चढवून मोहरीच्या मागे मोहरी, निलगिरीच्या मागे निलगिरी असे फिरतात. फुलोरा संपला की मुक्काम हलतो. इंदिरानगरची गच्ची हलत नाही. एका जागी अडकलेली मेलिफेरा तुटवड्याच्या दिवसांत साखरपाण्यावर जगते. शिवाय तिला व्हरोआ नावाचा परजीवी कोळी छळतो. सातेरी त्या कोळ्यासोबत हजारो वर्षे राहिलेली आहे. ती त्याला अंगावरून झटकून काढते. मेलिफेराला ती कला फारशी साधलेली नाही, म्हणून तिच्या पेटीला औषधोपचार लागतात. छंद म्हणून दोन पेट्या ठेवणाऱ्याने ही जबाबदारी का घ्यावी?

तेव्हा सातेरी. वर्षाला पाच-दहा किलो मध, तोही हंगाम चांगला गेला तर. ज्याला यात तोटा वाटतो त्याने मध विकत घ्यावा, मधपाळाचे भले होईल.

दक्षिण भारतात सातेरीला चौकटीच्या पेटीत बसवण्याची गोष्ट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांना 1851 मध्ये एक साधी गोष्ट उमगली होती. दोन पोळ्यांमध्ये एक सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी जागा सोडली, तर माश्या ती बांधकामाने भरत नाहीत, येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. या एका मापावर आजची प्रत्येक सुटी चौकट उभी आहे. पण लँगस्ट्रॉथची पेटी मोठ्या अंगाच्या युरोपीय माशीसाठी होती. तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी 1910 च्या दशकात आपल्या छोट्या माशीच्या बेताची छोटी पेटी तयार केली आणि लोकांना ती वापरायला शिकवली. दक्षिणेत आजही ती न्यूटन पेटी म्हणूनच ओळखली जाते. कोडगू आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यांत याच माशीवर मध उत्पादकांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, 'कूर्ग हनी'चे नाव देशभर गेले.

मग 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आला. त्याने अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन घरातच मरते. औषध नव्हते, आजही नाही. दक्षिणेतल्या सातेरीच्या बहुतेक पाळीव वसाहती त्या साथीत संपल्या, रिकाम्या पेट्या माळ्यावर गेल्या. ज्या तगल्या त्यांच्यापासून पुढची वाढ झाली. हा इतिहास नवशिक्याला माहीत हवा, कारण त्यातून एक व्यवहाराचा नियम निघतो. वसाहत घ्यायची ती जवळच्या, ओळखीच्या मधपाळाकडून, चौकटी उघडून अळ्या पाहून. दूरच्या राज्यातून कुरियरने नाही.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे. नवशिक्याला पहिले वेड लागते राणी शोधण्याचे. तासभर चौकटी वरखाली होतात, माश्या चिडतात, पिल्लांना गारठा लागतो आणि राणी काही दिसत नाही. जुने मधपाळ राणी शोधत बसत नाहीत. ते पाठीवर ऊन घेऊन चौकट तिरपी धरतात आणि पोळ्यातल्या घरांच्या तळाशी अंडी पाहतात. अंडे सुईच्या टोकाएवढे, पांढरे, तळाशी उभे असते. तीन दिवसांनी त्यातून अळी निघते. म्हणजे अंडे दिसले तर गेल्या तीन दिवसांत राणी पेटीत होती, एवढे सिद्ध झाले. चौकट परत जागेवर, झाकण बंद. एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर मात्र काळजी: राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्या अंड्यांतून फक्त नर निघणार.

चौकट वाचणे म्हणतात ते हे. मधोमध पिलावा म्हणजे अंडी-अळ्यांची घरे, त्याच्या वर आणि बाजूने परागाची रंगीत कमान, सर्वांत वर मध. पराग कमी दिसला तर बाहेर फुले कमी आहेत. पोळ्याच्या खालच्या काठाला शेंगेसारखी लांबट घरे लोंबली तर वसाहत फुटायच्या बेतात आहे, जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघणार. पुस्तकात हे चार ओळींत असते. हातात चौकट धरून, कानाशी हजारो पंखांचा आवाज ऐकत ते ओळखायला दोन-तीन महिने जातात. तोवर कोणी जाणते शेजारी उभे असेल तर चुका कमी होतात.

सातेरीचा मोठा दोष म्हणजे तिचा पाय घरात स्थिर नसतो. मुंग्या लागल्या, अन्न संपले, किंवा उत्साही मालकाने दर दोन दिवसांनी झाकण उघडले, की एका सकाळी सगळी वसाहत उठून निघून जाते. मागे रिकामी पोळी उरतात आणि त्यांत मेणकिडा जाळे विणतो. उपाय फार जुने आहेत. आजीच्या स्वयंपाकघरातले जाळीचे कपाट आठवावे, ज्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असत. पेटीच्या घोडीचे पायही तसेच पाण्यात ठेवायचे आणि वाट्या कोरड्या पडू द्यायच्या नाहीत. पेटी उघडायची ती आठवड्या-दहा दिवसांनी, ऊन आल्यावर, पाऊसवाऱ्यात नाही. बंगळुरूला मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असे दोनदा जोराचे पाऊस असतात. त्या दिवसांत माश्या बाहेर पडू शकत नाहीत, साठा संपतो. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. तो संध्याकाळी आणि पेटीच्या आत द्यावा. बाहेर बशीत ठेवला की शेजारच्या माश्या येतात, वास लागतो आणि पेटी लुटली जाते.

डंख होणारच. त्याची भीती दडवू नये, तयारीही सोडू नये. माशी डंख करते तेव्हा काट्यासोबत धोक्याचा इशारा देणारे रसायन सोडते. त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा असतो, म्हणून पेटीवर जाण्याआधी केळे खाऊ नये असे शिकवतात. धुराचे काम दुहेरी असते. हा वास झाकला जातो आणि माश्या पोटभर मध पिऊन थोड्या सुस्तावतात. काटा चिमटीत धरून उपटू नये, नखाने खरवडून लगेच काढावा. डंखानंतर श्वास लागणे, घसा आवळणे, अंगभर पित्त उठणे यांपैकी काही झाले तर थेट रुग्णालय. घरात कोणाला अशी अ‍ॅलर्जी असेल तर पेटीचा विचार तिथेच संपतो.

मध काढण्याबाबत एकच सांगायचे, कारण बाकीचे कोणीही शिकवेल. वरच्या कोठीतली, तीन चतुर्थांश तरी मेणाने झाकलेली चौकट तेवढी काढायची. खालच्या कोठीतला मध माश्यांचा. न झाकलेला मध पातळ असतो. त्यात 20 टक्क्यांहून जास्त पाणी राहिले की तो बाटलीत आंबतो, मग नवशिका 'शुद्ध मधही खराब होतो का' असे विचारत फिरतो.

बंगळुरू मधमाशीला चांगले शहर आहे की वाईट? दोन्ही. लालबाग उद्यानाचे प्रमुख क्रुंबिगल यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला एकामागून एक झाड फुलत राहील अशी रस्त्यांची लागवड मनात धरली. 1980 च्या दशकात वनाधिकारी नेगिनहाळ यांच्या काळात शहरात सुमारे 15 लाख झाडे लागली. गुलाबी टॅबेबुया, करंज, सोनमोहर, रेन ट्री अशी रांग उन्हाळाभर चालू असते. पण हे सगळीकडे नाही. शहरातच कृषी विज्ञान विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात असलेल्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी 2020 मध्ये आग्या, फुलोरी आणि सातेरी यांच्या नाचाची तुलना प्रसिद्ध केली. नाचातून माशी सोबतिणींना फुलांचे अंतर सांगते. तिघींत सातेरीचा पल्ला सर्वांत आखूड निघाला, साधारण किलोमीटरभराचा. आग्या त्याहून कितीतरी दूर जाते. सातेरीची पेटी ठेवणाऱ्याने म्हणून आपल्या इमारतीभोवती एक किलोमीटर चालून पाहावे. त्या टापूत काचेच्या इमारती, कुंपणाची शोभेची झाडे आणि आठवड्याला फवारलेली हिरवळ एवढेच असेल, तर पेटी ठेवणे म्हणजे माशीला उपाशी बसवणे.

त्याच वर्षी त्याच संस्थेतून दुसरा अभ्यास आला. गीता तिम्मेगौडा आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या आणि आसपासच्या वेगवेगळ्या हवेतल्या चार ठिकाणांहून 1,800 हून अधिक आग्या माश्या तपासल्या. मध्यम आणि जास्त प्रदूषणाच्या जागी पकडलेल्या माश्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त 24 तासांत मेल्या. तिथे फुलांवर येणाऱ्या माश्याही कमी होत्या. रिंगरोडलगतच्या गच्चीवर पेटी ठेवून 'मधमाश्या वाचवा'ची पाटी लावणाऱ्याने हे आकडे एकदा वाचावेत.

परदेशातही हा उत्साह महागात पडू लागला आहे. स्वित्झर्लंडच्या 14 शहरांत 2012 ते 2018 या सहा वर्षांत पेट्या जवळजवळ तिप्पट झाल्या, आणि एवढ्यांना पुरतील इतकी फुले शहरांत नाहीत असे तिथल्याच संशोधकांनी दाखवून दिले. पेटीतल्या माश्या वाढल्या की फुलांवरची चढाओढ रानमाश्यांनाही सोसावी लागते. भारतीय शहरांत पेट्यांची एवढी दाटी अजून नाही. आग्या आणि फुलोरी मात्र आपल्याकडे शहरातच राहतात, आणि त्यांचे पोट त्याच झाडांवर आहे.

शुद्ध मधाची ओढ मात्र समजण्यासारखी आहे. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने 13 ब्रँडचा मध तपासून घेतला, त्यांतले 10 शुद्धतेच्या कसोटीत नापास झाले. तेव्हापासून स्वतःची पेटी हा अनेकांना उपाय वाटतो. पण याहून सोपी वाट आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर मे 2022 मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' ठरले, त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगडमधले पाटगाव या वाटेने गेले. तिथे सातेरीवर घरे चालतात, जांभूळ-हिरड्याचा मध मिळतो, सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलली की कारवीचाही. माशी पाळणारा माणूस आणि त्याचे डोंगर दोन्ही ओळखीचे झाले की बाटलीवरच्या लेबलची चिंता उरत नाही.

ज्याला खरोखरच शिकायचे आहे त्याच्यासाठी बंगळुरूत दार उघडे आहे. कृषी विज्ञान विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात मधमाशीपालनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे नवशिक्यांसाठी प्रशिक्षण होते. महाराष्ट्रात जाणे-येणे असेल तर पुण्यात खादी आयोगाची 1962 पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. आठवडाभराच्या अभ्यासक्रमाने कोणी मधपाळ होत नाही, हे तिथले शिक्षकही सांगतील. पण पेटी घ्यावी की नाही, हे ठरवण्याइतकी जाण येते, आणि बरेच जण तिथूनच पेटी न घेता परततात. ते शिकले नाहीत असे कोणी म्हणू नये.

मग पंधराव्या मजल्यावरच्या त्या मोहोळाचे काय? आग्या पाहुणी असते. फुलोऱ्याच्या हंगामात येते, पावसाच्या तोंडावर बहुधा निघून जाते, आणि पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच सज्ज्यावर परतते. होसकोटजवळ एका जुन्या वडावर दरवर्षी अशी शेकडो मोहोळे लागतात आणि खाली लोकांचा रोजचा व्यवहार चालू असतो. आग्या चिडली तर जिवावर बेतते, यात शंका नाही. म्हणून तिला दगड, फटाके, धूर, पाण्याचा फवारा यांपैकी काहीही लावायचे नाही. रात्री ती दिव्याकडे झेपावते, तेव्हा त्या बाजूचे बाल्कनीचे दिवे महिना-दोन महिने बंद ठेवायचे आणि पडदे ओढायचे. मोहोळ शाळेच्या दारावर किंवा लिफ्टच्या तोंडाशीच असेल तर ते हलवणारे जाणते लोक बोलवायचे. पुण्यात अमित गोडसे यांनी इंजिनिअरची नोकरी सोडून मोहोळे न जाळता, न फवारता हलवण्याचे काम उभे केले आहे. बंगळुरूतही असे काम करणारे आहेत.

येत्या हंगामात सोसायटीच्या गटावर मोहोळाचा फोटो आला, तर पेस्ट कंट्रोलच्या नंबराआधी एवढे लिहावे: ही आग्या आहे, काही महिन्यांनी जाईल, त्या बाजूचे दिवे बंद ठेवा. पेटीची चौकशी करणाऱ्याला जीकेव्हीकेचा पत्ता द्यावा.